तो हात तसाच राहू द्या

कोकिळाताई गेल्याचा फोन आला तेव्हा शाळा नुकतीच भरली होती, प्रार्थनेच्या रांगा अजून मोडल्या नव्हत्या. पलीकडून तिची मुलगी मनीषा बोलत होती. "बाई, आई सकाळी उठलीच नाही..." एवढंच म्हणाली आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. झोपेत हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी रिक्षा करून सिल्वासात आमलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पोहोचेपर्यंत खालचं अंगण माणसांनी भरलं होतं. मसाटच्या कंपन्यांतली पोरं रात्रीची ड्यूटी संपवून, न झोपता तशीच आली होती. आणि त्या गर्दीत मराठीत, गुजरातीत, हिंदीत, ज्याला जी भाषा येते तिच्यात, एकच वाक्य फिरत होतं : शेवटी हातानेच नेलं हो तिला. मी ते एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा मात्र एका बाईला म्हणाले, "हात कुणाला नेत नसतो. हृदयाने दगा दिला. हात शेवटपर्यंत तिच्या ऐकण्यात होता." मयताच्या घरी भांडण काढू नये हे मलाही कळतं. पण आज इतके आठवडे झाले तरी तो राग उतरलेला नाही, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी त्या रागापोटीच लिहिते आहे.

कोकिळाताई मूळची धुळ्याकडची. नवरा, म्हणजे आमचे नाना, मसाटला धाग्याच्या कंपनीत मशीनवर लागले आणि मनीषा कडेवर असताना ही मंडळी सिल्वासाला आली. मी आले कोकणातून, शाळेच्या नोकरीसाठी, एकटी. तिसऱ्या मजल्यावर माझी खोली, तळमजल्यावर तिचं घर, आणि तिच्या शेवभाजीचा ठसका जिन्यातून वर चढत माझ्या दारापर्यंत येणारा. खानदेशातून आलेल्या, घरी बायको नसलेल्या कामगारांना ती डबे द्यायची. पहिल्यांदा तिच्याकडे जेवले तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि विचारलं, "बाई, रडता काबर? कोकण आठवलं का?" तेव्हापासून आमचं जमलं. ती मला सगळ्यांसमोर मास्तरीण म्हणायची आणि एकटीत बाई. माझ्या फिक्या आमटीला ती आजाऱ्याचं पाणी म्हणायची आणि वाटीभर पिऊनही जायची.

पण तिचं खरं नाव होतं ते मांड्यांसाठी. ज्यांनी खानदेशी मांडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते : ही पुरणपोळीच, पण पोळपाटावर मावणारी नव्हे. पुरण भरलेला उंडा थोडा लाटून घ्यायचा, मग तो दोन्ही हातांवर घेऊन, कोपरापर्यंत झेलत झेलत, हवेतच मोठा करत न्यायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायचा. पातळ इतका की पलीकडचा जाळ दिसावा, आणि तरी फाटता कामा नये. हे काम लाटण्याचं नाही, हातांचं आहे. अक्षय्य तृतीयेला, ज्याला ही मंडळी आखाजी म्हणतात, पितरांना जेवण दाखवायचं असतं आणि त्यात मांडे हवेतच. बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत खानदेशातल्या साऱ्या घरांची मिळून एक चूल पेटायची, आणि चुलीपुढे उभी असायची कोकिळाताई. बाकीच्या बायका पुरण वाटायच्या, कणीक तिंबायच्या, मांडे मात्र तीच टाकायची. मी खुर्ची टाकून नुसती बघत बसायचे.

मग तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, किमो झाली, लाईट म्हणजे रेडिएशन दिली, केस गेले आणि परत आले. आपण सुटलो असं सगळ्यांना वाटलं. आणि एक दिवस तिची उजव्या हातातली बांगडी मनगटावर रुतली. आधी मनगट, मग पंजाची पाठ, मग कोपराच्या वरपर्यंत हात भरत गेला. दुखत नव्हता फारसा, पण जड झाला होता. "ओला वाळूचा पोता बांधेल शे असं वाटतं," ती म्हणायची; बांधेल म्हणजे बांधलेला. घरच्यांनी काय करावं? जे आपल्याकडे कोणीही करेल तेच केलं. गावाहून हाड बसवणारी, मुरगळा काढणारी एक नातेवाईक बाई आली. कढत तेल, जोराची मालीश, वरून विटेचा शेक आणि सूज चढू नये म्हणून दंडाला घट्ट काळा दोरा. बाई प्रेमाने रगडत होती, ही दात आवळून सहन करत होती. दुसऱ्या दिवशी हात लालभडक, अंगात फणफणून ताप, आणि आम्ही तिला घेऊन वापीच्या हॉस्पिटलात.

तिथे या दुखण्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. लिम्फेडेमा. फिजिओथेरपीची गुजराती मुलगी होती, मनीषापेक्षा थोडीच मोठी असेल. तिने कोकिळाताईच्या हातावरून आपली बोटं अशी फिरवली की जणू तान्ह्या बाळाच्या टाळूवरून फिरवते आहे. "चामडीने खाली अडवानुं, दबाववानुं नही," ती सांगत होती. कातडीला फक्त स्पर्श करायचा, दाबायचं नाही. शरीरात रक्ताखेरीज आणखी एक पाण्यासारखा पदार्थ फिरत असतो, तो गाळून पुढे नेणाऱ्या गाठी काखेत असतात, त्या काढल्या की पाण्याची वाट बंद होते. वाट बंद झाली म्हणून जोराने रगडून पाणी पुढे जात नाही, उलट ज्या बारीक वाटा शिल्लक असतात त्याही चिरडतात. हा आजार पुरता बरा होत नाही, पण ताब्यात ठेवता येतो. कातडी स्वच्छ आणि मऊ ठेवायची, भाजू-कापू द्यायचं नाही, खालून वर पट्टी बांधायची, मग दाबाची बाही घालायची, हात चालता ठेवायचा, आणि लाली किंवा ताप दिसला की थांबायचं नाही, सरळ डॉक्टरकडे. परतीच्या वाटेवर कोकिळाताई म्हणाली, "म्हणजे मोरी तुंबली शे आणि आम्ही भिंतीले ठोकत बसलो."

त्या दिवसापासून पट्टी बांधायचं काम नानांनी घेतलं. नाना म्हणजे अबोल माणूस, दिवसाला दहा शब्द बोलले तर पुष्कळ. कंपनीत आयुष्यभर धाग्याची बॉबीन पाहिलेली, त्यामुळे किती ताण द्यायचा हे त्यांच्या बोटांना लवकर समजलं. पंजाकडे जास्त, दंडाकडे कमी. रोज पट्टी बांधताना दोघांचं भांडण व्हायचं हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल मोठं आदर्श जोडपं होतं. ती म्हणायची घट्ट झाली, ते मान हलवायचे, ती म्हणायची माझा हात आहे का तुमचा, ते पट्टी सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायचे. धुतलेल्या पट्ट्या ती पुढच्या गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. कुणीतरी सुचवलं की आत वाळवाव्यात, बरं दिसत नाही. "बाकीचे कपडे दिसतात ते चालतात ना?" तिने विचारलं.

लोकांनी काय काय केलं ते मी विसरलेले नाही. आपल्या भागात दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या द्यायला आरोग्य खात्याची माणसं दारोदार येतात, त्यामुळे सुजलेला हात-पाय दिसला की प्रत्येकाचं निदान तयार असतं. बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली, ती मसाटला पोहोचली, आणि डबे घेणारी काही पोरं एक एक करून गळाली. एकाने सांगितलं कँटीन लागली, दुसऱ्याने सांगितलं पोट बिघडतं. मी भेटेल त्याला समजावत सुटले, अहो हा हत्तीरोग नाही, ऑपरेशनमुळे आलेली सूज आहे. एकदा तिच्यासमोरच हे सुरू केलं तर ती माझ्यावरच उखडली. "आणि असता तर, मास्तरीण? मग नही खावाचं का मन्हा हातचं? तो डास चावून होतो, भाकरी खाऊन नाही. ज्यांना खरंच तो रोग शे त्यांनी काय जंगलात जावं?" स्वतःवरचा डाग पुसण्यासाठी तो दुसऱ्याच्या अंगावर टाकणं तिला मंजूर नव्हतं. भाजीबाजारात एका बाईने तोंडावर पदर धरून "हत्तीपगो छे?" असं विचारलं, तर ही थंडपणे म्हणाली, "हा बेन, सूंढ घेर मूकीने आवी छुं." सोंड घरी ठेवून आले! भाजीवाली इतकी हसली की कोथिंबीर फुकट दिली.

ब्लाउजचंही तसंच. उजवी बाही मोठी शिवायची तर ब्लाउजपीस पुरायचा नाही. शिंप्याने सुचवलं, ताई, दोन्ही बाह्या ढगळ करू आणि वरून पदर घ्या, कुणाला दिसणार नाही. तिने दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगातून जरीकाठाचा लालभडक तुकडा उचलला आणि सांगितलं की उजवी बाही याची शिव. हिरवं ब्लाउज, एक बाही लाल. दांडियाला तेच घालून आली. पुढच्या नवरात्रात बिल्डिंगमधल्या दोन कॉलेजच्या मुलींनी एक बाही वेगळ्या रंगाची शिवून घेतली, त्यांना ती फॅशन वाटली होती. कोकिळाताईने त्यांना खरं कारण कधी सांगितलं नाही.

मात्र ती शूर होती वगैरे मला म्हणवत नाही. शूर म्हटलं की माणसाला दुखत नाही असा अर्थ लोक काढतात. तिला दुखायचं. उन्हाळ्यात त्या दाबाच्या बाहीत हात शिजून निघायचा. वेणी घालता येत नव्हती, पाण्याचा हंडा उचलता येत नव्हता, ज्या कुशीवर झोपायची सवय ती कुशी गेली होती. एका दुपारी मी खाली गेले तर ती हात मांडीवर घेऊन रडत बसलेली होती. "कापून टाका म्हणा एकदाचा," म्हणाली. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि मला विचारलं, "बाई, नुसती बसली काय? लसूण सोल." ती खरी काय होती ते विचाराल तर चिडकी होती. आणि त्या चिडण्याच्या बळावर ती रोज उठत होती, असं माझं मत आहे.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आखाजीला तिला सगळ्यांनी बसवून ठेवलं. दुसऱ्या बायकांनी मांडे केले, फाटले, जाड झाले, पितरांनी गोड मानून घेतले असतील. दुसऱ्या वर्षी मात्र ती स्वतः तिंबलेल्या कणकेचं भांडं मनीषाच्या डोक्यावर देऊन चुलीपाशी हजर झाली. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माईबाई तिथे होत्या. त्यांच्या शब्दाबाहेर तिथे पान हलत नसे. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "कोकिळे, तू बस बेटा. हातले त्रास होई." कोकिळाताई हसली आणि पदर खोचू लागली. तेव्हा माईबाईंनी खरं ते सांगितलं, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं : पितरांचं जेवण आहे, असल्या हाताचं कसं चालेल...

मला वाटलं ही आता भांडी घेऊन घरी जाईल. मी असते तर गेले असते, आणि वर्षभर कोणाशी बोलले नसते. कोकिळाताई मात्र जागची हलली नाही. बाही घातलेला तो हात तिने पुढे केला, माईबाईंच्या अगदी समोर, आणि म्हणाली, "माई, हात सुजेल शे. बाटेल नही."

आता अडचण अशी होती की तो हात तिला जाळाजवळ न्यायचा नव्हता. भाजला तर पुन्हा ताप, पुन्हा हॉस्पिटल. हे ती मुळीच विसरली नव्हती. म्हणून तिने फक्त डावा हात वर धरला आणि विचारलं, "मन्हा एक हात शे. दुसरा कोण देतं?" बायका माईबाईंकडे बघत होत्या. शेवटी मीच खुर्चीवरून उठले. मी! जिला घावन उलटता येत नाही! तिच्या उजव्या बाजूला खांद्याला खांदा लावून उभी राहिले, माझा उजवा हात वर धरला, आणि तिच्या डाव्या हातावरून माझ्या उजव्या हातावर मांडा झेलायचा असा खेळ सुरू झाला. तीन पायांच्या शर्यतीत मुलं धडपडतात ना, तशी आमची गत होती. पहिला मांडा फाटून पुरणासकट विस्तवात गेला. दुसरा माझ्या कोपराला चिकटला. "मास्तरीण, हात शे का लाकूड शे? सैल सोड! वर्गात पोरांवर उगारता ना, तसा नको!" सगळ्या हसायला लागल्या, मलाही हसू आवरेना, आणि हसताना हात सैल पडला असावा, कारण त्यापुढचा मांडा झेलता झेलता मोठा होत गेला, पातळ होत गेला, आणि आम्ही दोघींनी तिरकं पाऊल टाकून तो खापरावर सोडला तेव्हा त्याला एक भोक नव्हतं. मी चुलीच्या बाजूला, ती जाळापासून दूर. त्या दिवशी माईबाई जेवल्या नाहीत. त्याच्या पुढच्या आखाजीला जेवल्या, काही न बोलता, आणि मागून घेऊन आणखी एक खाल्ला, तोही तुपासकट. त्यानंतर दर आखाजीला आमची जोडी ठरलेली.

तिची माझी शेवटची भेट सांगण्यासारखी नाही. आदल्या संध्याकाळी मी शाळेतून आले, ती दारात मेथी निवडत बसली होती, मला म्हणाली दमलेली दिसतेस, चहा घेऊन जा. मी म्हटलं, उद्या.

तेराव्याच्या आधी फोटो मोठा करून आणायचं ठरलं. मनीषाच्या मोबाइलमध्ये आखाजीचे बरेच फोटो होते, त्यातला एक नानांनी पसंत केला : कोकिळाताई चुलीपुढे उभी, डाव्या हातावर मांडा, उजवा हात बाहीसकट कमरेवर टेकलेला, आणि चेहऱ्यावर मला ओरडतानाचा भाव. स्टुडिओवाल्याने फ्रेम करून पाठवली, ती कोकिळाताईच्या दिराने भिंतीला टेकवून ठेवली आणि आम्ही सगळे बघायला जमलो. मला त्यातून कापलं होतं, हे अपेक्षितच होतं. माझ्या बाजूचा मांडाही गेला होता. चूल जाऊन मागे गुलाबाची बाग आली होती. आणि कोकिळाताईचे दोन्ही हात एकसारखे, बारीक, गोरेपान होते. बाही नाहीशी झाली होती. त्या माणसाने कुणी न सांगता, मनाच्या चांगुलपणाने, तिचा हात बरा करून टाकला होता. बायका म्हणाल्या, किती छान दिसतेय. दीर म्हणाले, चला, मेल्यावर तरी हात सुधारला. मनीषा माझ्याकडे बघत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तोंड उघडणार एवढ्यात नाना पुढे आले. फ्रेमजवळ उकिडवे बसले. त्या बारीक हातावर त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, मनगटापासून खांद्यापर्यंत, रोज पट्टी फिरायची तसंच. मग म्हणाले, "हाऊ हात मी कधी बांधेल नही."

फ्रेम उचलून नाना आणि मी स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला गोंधळला. "मैंने तो ठीक करके दिया, बेन. पैसा भी नहीं लिया उसका." मी त्याला म्हटलं, भाऊ, तुमचं मन चांगलं आहे, पण तो हात तसाच राहू द्या, जसा होता तसा. बाहीसकट. आणि ती बागही काढा, ती चुलीपुढे उभी होती. त्याने कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. पडद्यावर ती पुन्हा आली, एक हात बारीक, एक जाड, कपाळावर घाम, आणि तिच्याशेजारी, तिच्या बोटांपासून निघालेल्या मांड्याचं दुसरं टोक झेलत असलेली मी. त्याने मला पुन्हा कापायला घेतलं, तर माझ्याबरोबर मांडाही अर्धा तुटला. दोन-तीनदा करून बघितलं. शेवटी त्याने चेहरा वगळून माझा हात तेवढा मनगटापासून कोपरापर्यंत आत ठेवला आणि विचारलं, चालेल का, पण हार चढवायचा फोटो आहे, जिंदा आदमी का हाथ... नाना माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, राहू द्या.

घरी माईबाईंनी कपाळाला हात लावला. हार घातलेल्या फोटोत जिवंत माणसाचा हात, हे अशुभ कुणी ऐकलं होतं का? पुष्कळ समजावलं त्यांनी मला, मायेनेच. मी ऐकून घेतलं आणि खिळा ठोकायला स्टूल मागितलं. आता तो फोटो नानांच्या घरात पंख्याखालच्या भिंतीवर आहे, दारातून आत आलेल्याला आधी तो जाड हात दिसतो आणि मग चेहरा. नाना रोज सकाळी ताज्या झेंडूचा हार घालतात. पट्टी बांधायच्या वेळेला त्यांच्या हातांना आता हेच काम आहे. हार लांब आहे, तिच्या खांद्यावरून उतरत तो मांड्याच्या कडेने माझ्या मनगटावरही येतो. नाना तो तिथून बाजूला करायला बघतात. मी म्हणते, असू द्या, नाना.